१९५३ साल, एक टाचणी आणि एक फुलपाखरू

राजेरजवाड्यांच्या इतिहासात सनावळ्या असतात. कीटकांच्या इतिहासात त्या क्वचितच सापडतात. एखादा कीटक एखाद्या प्रदेशातून नेमका केव्हा नाहीसा झाला, हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही. ‘पूर्वी पुष्कळ दिसायचे, आता दिसत नाहीत’ एवढेच जुनी माणसे सांगतात. इंग्लंड हा देश याला काहीसा अपवाद आहे. तेथे दोन शतकांहून अधिक काळ शाळामास्तर, पाद्री, डॉक्टर, निवृत्त लष्करी अधिकारी अशा हौशी मंडळींनी फुलपाखरे आणि इतर कीटक यांच्या नोंदी ठेवल्या. त्यामुळे काही कीटकांच्या बाबतीत आपल्याला चक्क इतिहास लिहिता येतो.

अशाच दोन कीटकांची तुलना आपण या लेखात करणार आहोत. एक आहे टाचणी आणि दुसरे फुलपाखरू. दोघेही निळे, दोघेही नाजूक. दोघांच्याही नशिबात १९५३ हे साल वाईट ठरले. दोघेही इंग्लंडमधून नाहीसे झाले आणि दोघेही परत आले. पण जाण्याच्या आणि येण्याच्या वाटा इतक्या वेगळ्या होत्या, की ‘कीटक वाचवायचे म्हणजे काय करायचे’ या प्रश्नाचे उत्तर त्या फरकातच दडलेले आहे.

दोघांची ओळख

टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. बसताना चतुर पंख पसरून ठेवतो, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. आपल्या कथेतील टाचणीचे शास्त्रीय नाव कोएनाग्रिऑन सिट्युलम. इंग्रजीत तिला डेंटी, म्हणजे नाजूक टाचणी, म्हणतात. नराचे शरीर निळे व त्यावर काळ्या खुणा असतात. ही मूळची दक्षिण युरोपातील, भूमध्य समुद्राकडील जात. मादी पाणवनस्पतींच्या पेशीजालात अंडी खुपसते. अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यातच वाढते, शेपटीकडील तीन पानांसारख्या कल्ल्यांनी श्वास घेते आणि बारीकसारीक जलचर पकडून खाते. कोशाची अवस्था नाही. पूर्ण वाढलेले पिल्लू एके दिवशी देठावर चढते, कात टाकते आणि पंखवाली टाचणी उडून जाते. यालाच अपूर्ण रूपांतरण म्हणतात.

फुलपाखराचे इंग्रजी नाव लार्ज ब्लू. मोठे म्हटले तरी ते आपल्या लिंबावरील फुलपाखरापेक्षा बरेच लहान. ‘मोठे’ ते केवळ इतर निळ्या फुलपाखरांच्या मानाने. शास्त्रीय नाव फेंगारिस एरिऑन. जुन्या पुस्तकांत मॅक्युलिनिया एरिऑन असे सापडेल. ब्रिटनमध्ये त्याची नोंद १७९५ सालापासून आहे. मादी रानथाइम या तुळशीच्या कुळातील छोट्या, जमिनीसरपट वाढणाऱ्या वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोनतीन आठवडे फुलांवर जगते, शेवटची कात टाकते आणि जमिनीवर पडते. त्यानंतर ती थाइमकडे ढुंकूनही पाहत नाही. मग ती खाते काय? हे कोडे सुटायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१५ च्या सुमारास चॅपमन, फ्रोहॉक आणि कॅप्टन प्युरफॉय या तिघांच्या प्रयत्नांतून उत्तर मिळाले. अळी मुंग्यांच्या वारुळात राहते आणि मुंग्यांचीच पिल्ले खाते!

जमिनीवर पडलेली अळी मुंगीला गोड द्रव देते. थोड्या वेळाने ती अंग असे काही फुगवते, की मुंगीला आपलेच एखादे पिल्लू बाहेर पडले आहे असे वाटते. मुंगी तिला उचलून घरी नेते. पुढचे सुमारे दहा महिने हा पाहुणा यजमानाच्या लेकरांवर ताव मारतो. अळीच्या अंतिम वजनाचा जवळजवळ ९८ टक्के भाग वारुळात तयार होतो. कोशही तेथेच होतो. उन्हाळ्यात फुलपाखरू वारुळातून सरपटत बाहेर येते आणि मगच पंख उघडते. हे पूर्ण रूपांतरण.

एका रात्रीचा पूर

नाजूक टाचणीचा ब्रिटनमधील पहिला अध्याय फारच छोटा आहे. १९४६ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एसेक्स परगण्यात, थेम्स नदीच्या मुखाजवळच्या सखल भागात, ती अभ्यासकांना प्रथम सापडली. १९५२ पर्यंत ती तेथे दिसत राहिली. मग ३१ जानेवारी १९५३ ची रात्र आली. उधाणाची भरती आणि वायव्येकडून आलेले प्रचंड वादळ एकत्र आले. उत्तर समुद्राचे पाणी बांध फोडून आत घुसले. इंग्लंडमध्ये ३०७ आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. एसेक्समधील कॅनव्ही बेटावर तर हाहाकार उडाला. त्याच पट्ट्यातील गोड्या पाण्याचे चर आणि डबकी खाऱ्या पाण्याखाली गेली.

त्या दिवसांत टाचणीची आठवण कोणाला असणार? माणसांचेच मृतदेह शोधण्याचे काम चालू होते. पण नंतर अभ्यासक तेथे गेले तेव्हा नाजूक टाचणी नाहीशी झालेली होती.

येथे एक जीवशास्त्रीय बारकावा पाहण्यासारखा आहे. हाच पूर जून महिन्यात आला असता तर? काही टाचण्या हवेत असत्या. त्या उडून वाचल्या असत्या, कदाचित दुसऱ्या एखाद्या तळ्यावर त्यांनी अंडी घातली असती. जानेवारीत मात्र पंखवाली एकही टाचणी नसते. संपूर्ण पिढी पिल्लांच्या रूपात पाण्याखाली होती आणि ते पाणी एका रात्रीत खारट झाले. सगळा वंश एकाच ठिकाणी, एकाच अवस्थेत असताना घाला पडला. कारण उघड, तारीख पक्की. इतिहासकाराला याहून सोपे प्रकरण मिळणार नाही.

सशांची साथ

फुलपाखराचे प्रकरण नेमके उलटे आहे.

जून १९५२ मध्ये फ्रान्समध्ये आर्मां-दलिल नावाच्या एका निवृत्त डॉक्टरांनी आपल्या भिंतीने वेढलेल्या जागिरीतील उपद्रवी सशांना मिक्सोमॅटोसिस या रोगाचे विषाणू टोचले. भिंतीच्या आत रोग राहील, ही त्यांची अपेक्षा. पण हा रोग डास आणि पिसवा पसरवतात, आणि त्यांना भिंतीचे काय? वर्षभरात तो युरोपभर पसरू लागला आणि १९५३ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या केंट परगण्यात येऊन पोहोचला. शेतकऱ्यांना ससे नकोच होते. काहींनी आजारी ससे मुद्दाम नेऊन इतरत्र सोडले. शेवटी १९५४ साली ब्रिटिश संसदेला असे करण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. दोनतीन वर्षांत ब्रिटनमधील बहुतेक सगळे ससे, शेकडा पंच्याण्णवांच्या आसपास, मरून गेले.

आता फुलपाखराचा सशांशी काय संबंध? फुलपाखरू ससा खात नाही आणि ससा फुलपाखरू खात नाही. त्या काळी लार्ज ब्लू कमी होत चालल्याचे सर्वांना दिसत होते आणि दोषी कोण हेही ‘सर्वांना माहीत’ होते: फुलपाखरे पकडून टाचणारे संग्राहक. संशय अगदीच निराधार नव्हता. दुर्मिळ फुलपाखराला बाजारात किंमत मिळे. म्हणून काही ठिकाणी फुलपाखराच्या वस्तीभोवती कुंपणे घालण्यात आली. संग्राहक बाहेर राहिले. फुलपाखरू मात्र कुंपणाच्या आतही नाहीसे होत गेले.

१९७२ साली जेरेमी टॉमस या तरुण संशोधकाने हे काम हाती घेतले. तोवर लार्ज ब्लूच्या अगदी मोजक्या वस्त्या उरल्या होत्या. टॉमस यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे डेव्हन परगण्यातील डार्टमूरच्या कडेला असलेल्या वस्तीत काढले आणि एकच काम केले: मोजले. अंडी किती, अळ्या किती, कोणत्या वारुळात किती जगल्या, गवत किती उंच, जमिनीचे तापमान किती.

त्या मोजणीतून जे बाहेर आले ते असे. मिर्मिका प्रजातीतील अनेक जातींच्या मुंग्या अळीला उचलून घरी नेतात. पण अळी मोठ्या प्रमाणात जगते ती मिर्मिका सॅब्युलेटी या एकाच जातीच्या वारुळात. इतर जातींच्या वारुळांत बहुतेक अळ्या मरतात. जुन्या अभ्यासकांनी ‘मुंगी’ शोधली होती. ‘कोणती मुंगी’ हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. आणि सॅब्युलेटी ही ऊबप्रिय मुंगी. इंग्लंडच्या थंड हवेत तिला जमीन उन्हाने तापलेली लागते. त्यासाठी गवत अगदी खुरटे, दोनतीन सेंटिमीटरच हवे. गवत थोडे वाढले की जमिनीवर सावली पडते, तापमान दोनतीन अंशांनी उतरते, सॅब्युलेटी मागे हटते आणि तिची जागा मिर्मिका स्कॅब्रिनोडिस ही थंडी सोसणारी बहीण घेते. वरून पाहणाऱ्याला सगळे जसेच्या तसे दिसते. हिरवळ आहे, थाइम आहे, लाल मुंग्याही आहेत. नाही ती फक्त ‘ती’ मुंगी.

गवत खुरटे कोण ठेवत होते? पूर्वी गुरे आणि मेंढ्या. निकस डोंगरउतारांवर जनावरे चारणे परवडेनासे झाले, तेव्हा ते काम सशांनी चालू ठेवले. १९५३ नंतर तेही गेले. रोग, ससा, गवत, जमिनीचे तापमान, मुंगी आणि मग फुलपाखरू, अशी ही साखळी. पहिल्या कडीला धक्का बसला आणि शेवटची कडी तुटायला पाव शतक लागले. फुलपाखरांसाठी घातलेल्या कुंपणांनी संग्राहकांबरोबर चरणाऱ्या जनावरांनाही बाहेर ठेवले होते. म्हणजे ज्या उपायाने फुलपाखरू वाचेल अशी आशा होती, त्याच उपायाने त्याच्या जाण्याला हातभार लागला.

उत्तर सापडले, पण उशिरा. राहिलेली वस्ती फार लहान झाली होती; त्यात १९७५ आणि १९७६ ही लागोपाठ कोरडी वर्षे आली. १९७९ साली लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

परतीच्या दोन वाटा

उत्तर उशिरा मिळाले, तरी ते वाया गेले नाही. आधी जागा तयार करण्यात आली. झुडपे तोडली, गुरे आणि घोडे पुन्हा चरायला सोडले, गवत खुरटे झाले, सॅब्युलेटी मुंगी वाढली. मग स्वीडनमधील ओलांद बेटावरून अळ्या आणण्यात आल्या आणि १९८३ पासून त्या डार्टमूरच्या जागी सोडण्यात आल्या. पुढे सॉमरसेट परगण्यातही वस्त्या उभ्या राहिल्या. टॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या प्रयत्नाचा ताळेबंद मांडला. २०१९ साली ग्लॉस्टरशर परगण्यातील रॉडबरो कॉमन या कुरणावर १,१०० अळ्या सोडण्यात आल्या आणि २०२० च्या उन्हाळ्यात तेथे सुमारे ७५० फुलपाखरे उडाली. तेथील तयारीला पाच वर्षे लागली होती. त्यातला बराचसा काळ गुरांची चराई नीट बसवण्यात गेला.

टाचणीसाठी यांपैकी काहीच कोणी केले नाही. तिच्यासाठी समिती नव्हती, कुंपण नव्हते, परदेशातून अंडी आणायचा विचारही नव्हता. तरी २०१० च्या जूनमध्ये नाजूक टाचणी इंग्लंडमध्ये पुन्हा दिसली. ठिकाण होते केंट परगण्यातील शेपी बेट, म्हणजे थेम्सच्या मुखाच्या पलीकडचा, दक्षिणेचा तीर. सत्तावन्न वर्षांनी ती स्वतःच्या पंखांनी आली.

ती कशी आली याचा माग युरोपच्या मुख्य भूमीवर सापडतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही दक्षिणेकडची जात उत्तरेकडे सरकत होती. फ्रान्सचा उत्तर भाग, बेल्जियम, नेदरलँड्स असे तिचे टप्पे. युरोपातील उन्हाळे उबदार होत गेले, हे यामागचे मुख्य कारण. पुढची पायरी इंग्लिश खाडीची. ती सर्वांत अरुंद जागी ३३ किलोमीटर रुंद आहे. वाऱ्याची साथ मिळाली तर एवढे अंतर टाचणीला अशक्य नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेल्जियममधील संशोधकांनी मूळ प्रदेशातल्या आणि सरकत्या कडेवरच्या वस्त्यांतील पिल्ले सारख्याच परिस्थितीत वाढवून पाहिली. कडेवरची पिल्ले अधिक वेगाने वाढली. म्हणजे प्रदेश विस्तारता विस्तारता या टाचणीत बदलही घडत होते, आणि तेही थोड्याच वर्षांत.

तुलनेतून हाती काय लागते?

१९५४ साली कोणी विचारले असते, ‘या दोघांपैकी परतण्याची आशा कोणाची?’ तर आम्ही संशोधकांनीही फुलपाखराचेच नाव घेतले असते. फुलपाखराच्या अनेक वस्त्या शिल्लक होत्या. टाचणीचे एकमेव माहीत असलेले ठिकाण समुद्राने गिळले होते. झाले उलटे. असे का व्हावे?

टाचणीच्या गरजा थोड्या आहेत: गोडे पाणी, पाणवनस्पती, ऊब. पुराचे खारे पाणी कायमचे राहत नाही. पावसाने चर आणि तळी पुन्हा गोडी होतात. घर शाबूत असले की येणाऱ्याची वाट पाहणे एवढेच उरते. फुलपाखराच्या गरजा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. थाइम हवे, तेही ठरावीक मुंगीच्या वारुळाजवळ, तेही खुरट्या गवतात. हे सगळे एकाच उतारावर जुळून यावे लागते. शिवाय हे फुलपाखरू आपला उतार सोडून फारसे दूर जात नाही. घर मोडले ते हळूहळू, आणि मोडल्याचे कोणाला दिसलेही नाही. असे घर आपोआप पुन्हा उभे राहत नाही.

म्हणजे संकट किती मोठे, यापेक्षा संकटानंतर काय शिल्लक राहते हे महत्त्वाचे. पुराने प्राणी मारले, पण अधिवास राखला. सशांच्या साथीने फुलपाखराच्या अंगाला हातही लावला नाही, पण अधिवास बदलला.

यावरून ‘टाचण्या चिवट आणि फुलपाखरे नाजूक’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही चूक ठरेल. याच कोएनाग्रिऑन प्रजातीतील दुसरी एक टाचणी, कोएनाग्रिऑन आर्मॅटम, इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील दलदलींत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडली होती. तिच्या पाणथळ जागा बोरू आणि झुडपांनी भरून गेल्या आणि १९५० च्या दशकानंतर ती तेथे दिसली नाही. ती उत्तरेकडची, थंड प्रदेशातील जात. वाढत्या उष्णतेने एका टाचणीसाठी दार उघडले; दुसरीला त्याचा उपयोग नाही. तेव्हा नाजूक टाचणीच्या पुनरागमनाचा आनंद जरूर मानावा, पण ती बातमी तापमानवाढीचीही आहे हे विसरू नये.

आपल्याकडे पाहताना

लार्ज ब्लूच्या कुळातील, म्हणजे नीळ फुलपाखरांच्या कुळातील, अनेक जाती महाराष्ट्रात आहेत आणि त्यांपैकी कित्येकांच्या अळ्यांचे मुंग्यांशी नाते आहे. डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचे जीवनक्रम १८९६ सालापासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, तेव्हाच हे नाते नोंदले गेले. आपल्याकडे ते बहुधा देवघेवीचे असते: अळी गोड द्रव देते, मुंग्या राखण करतात.

हे पाहायला लांब जायला नको. बोरीच्या झाडावर बारकाईने शोधले तर पानांवर हिरवट, चपट्या अळ्या आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या मुंग्या सापडू शकतात. विद्यार्थ्यांना अळी दाखवून थांबू नका. मुंग्या कोणत्या, एकाच प्रकारच्या की अनेक, मुंग्या नसलेल्या फांदीवर अळ्या आहेत का, हे त्यांना नोंदवू द्या. टाचणीसाठी गावाचे तळे, विहीर किंवा ओढ्याचा शांत डोह पुरेसा आहे. वर्षभर, महिन्यातून एकदा, त्याच जागी जाऊन ‘आज टाचण्या दिसल्या की नाही, पाण्यात वनस्पती किती, पाणी कसे’ एवढेच वहीत लिहावे. अशा पाचदहा वर्षांच्या नोंदी साठल्या, की त्या शाळेजवळ गावाच्या तळ्याचा इतिहास असेल.

आणि आणखी एक प्रश्न वरच्या वर्गांत चर्चेला घ्यावा. आपल्या माळरानाला ‘ओसाड जमीन’ म्हणण्याची पद्धत आहे. तिला कुंपण घालून चराई बंद केली, वर झाडे लावली, म्हणजे निसर्ग वाचला असे आपण धरून चालतो. काही ठिकाणी ते खरेही असेल. बेसुमार चराईने माळ उजाड होतात हे आपण पाहतोच. पण त्या माळावर कोण राहते, कशावर जगते आणि गवत किती उंच असले तर त्याला चालते, हे आधी कोणी मोजले आहे का? डेव्हनच्या उतारावर हा प्रश्न विचारला गेला तेव्हा शेवटची फुलपाखरे उडत होती. आपल्या माळांवर तो त्याहून लवकर विचारता येईल, आणि सुरुवातीला त्यासाठी एक पट्टी, एक तापमापक आणि एक वही पुरेल.